कॅरव्हॅन जोडलेली बीवायडी शार्क ६, नऊ महिन्यांनंतर

बीवायडी या चिनी कंपनीची शार्क ६ (प्लगला लावून चार्ज होणारी आणि पेट्रोलवरही चालणारी पिकअप, इथल्या भाषेत यूट) घेतली तेव्हापासून मेलबर्नमधले निम्मे मराठी मित्र एकच प्रश्न विचारतात, कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, ओढते का? ओढते. मस्त ओढते. पण कशी ओढते ते आधी समजून घेतलं नाही तर पहिल्याच घाटात घाम फुटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमचा लवाजमा असा, आम्ही चौघं, आई भारतातून आली की पाच, आणि मागे कॅरव्हॅन, पाणी-गॅस-सामान भरून काट्यावर १८०० किलो. शार्कची ब्रेकवाल्या ट्रेलरसाठीची मर्यादा २५०० किलो, म्हणजे आम्ही बरेच आत आहोत. हे आधीच सांगतो कारण बाकीच्या डिझेल यूट बहुतेक ३५०० किलोवाल्या आहेत, आणि तुमची कॅरव्हॅन अडीच टनाची किंवा वरची असेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाहीच, पुढचं नुसतं माहिती म्हणून वाचा.

आता आत काय आहे ते. २९.५८ युनिटची बॅटरी, पुढे एक मोटर, मागे एक मोटर, आणि १.५ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. इंजिनाचं मुख्य काम जनरेटर फिरवून वीज करणं. हायवेच्या वेगाला ते पुढच्या चाकांना थेट पण जोडलं जातं, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर ही पक्की रेंज एक्स्टेंडर (इंजिन फक्त वीज करणार, चाकांना कधीच जोडलं जाणार नाही अशी गाडी) नाही, प्लग-इन हायब्रिड आहे, पण मागच्या चाकांकडे इंजिनापासून जाणारा शाफ्टच नाही, तिथे सगळं काम मोटरचं. ओढताना जो अनुभव येतो तो इलेक्ट्रिक गाडीचाच. सिग्नलला उभं राहून निघताना मागे पावणेदोन टन आहे हे जाणवत नाही, क्लच नाही, गिअर शोधणं नाही, धक्का नाही. पाण्यात नाव सोडायच्या रॅम्पवरून चढ चढून निघून बघा, तिथे इलेक्ट्रिक मोटरचं सुख कळतं.

मग सरळ पूर्ण इलेक्ट्रिकच का नाही घ्यायची? मी पण हाच विचार करत होतो. पण ओढण्याचं गणित वेगळं आहे. अमेरिकेत फोर्डची एफ-१५० लाइटनिंग आली, मोठी बॅटरी १३१ युनिटची, रेंज ३२० मैल, आणि मागे उंच कॅरव्हॅन लावली की रेंज निम्म्यावर, कधी त्याहून खाली. वजनापेक्षा वारा जास्त खातो, कॅरव्हॅनचं तोंड म्हणजे उभी भिंतच, ती शंभरच्या वेगाने हवेत ढकलायची. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डनेच जाहीर केलं की पुढची लाइटनिंग रेंज एक्स्टेंडरवाली असणार, ७०० मैलांपेक्षा जास्त रेंजची. रॅम या अमेरिकन पिकअप कंपनीने तर २०२३ मध्येच ९२ युनिटची बॅटरी आणि फक्त जनरेटर फिरवायला ३.६ लिटरचं व्ही-६ इंजिन अशी जोडी दाखवली होती. म्हणजे वारं कुठे वाहतंय ते दिसतंच आहे.

कारण साधं आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, इंजिन-जनरेटरमधून निघेपर्यंत त्यातला तिसरा हिस्सा हाती लागला असं धरा, म्हणजे ३ युनिट. शार्कची टाकी ६० लिटरची. १८० युनिट झाले की! आणि ती टाकी पाच मिनिटांत भरते, कॅरव्हॅन न सोडता.

हा 'न सोडता' मुद्दा चार्जिंगला गेल्याशिवाय कळत नाही. हायवेवरच्या एका चार्जिंग स्टेशनला (नाव नको) मी एकदा हौसेने वळलो. सगळ्या जागा नाक पुढे घालून उभं राहायच्या, कॅरव्हॅन लावून उभं राहिलो तर मागचा अख्खा रस्ता अडतो. मग कॅरव्हॅन बाजूला नेऊन सोडली, जॉकी व्हील (कॅरव्हॅनच्या पुढचं आधाराचं छोटं चाक) खाली, चेन काढल्या, प्लग काढला, चार्जिंग केलं, परत सगळं जोडलं, लाइट तपासले. मुलं कंटाळली, आई उन्हात उभी. तेव्हापासून ओढताना फास्ट चार्जिंग बंद. घरून भरून निघायचं, मुक्कामी कॅरव्हॅन पार्कच्या पॉइंटवर रात्रभर हळूहळू भरायचं, मधे पेट्रोल. सरकारने आणि कंपन्यांनी आरपार जाता येईल अशा जागा प्रत्येक स्टेशनला निदान एक तरी ठेवायला पाहिजे, हे अगदी मनापासून वाटतं, कारण याच्यामुळे लोक परत डिझेलकडे वळतात.

आता घाट. मेलबर्नहून ब्राइट या डोंगरातल्या गावी, ह्यूम फ्रीवेने वांगारट्टापर्यंत आणि मग आत, तीनशेच्या वर किलोमीटर. पहिल्या खेपेला मी नवशिक्यासारखं वागलो, फुल बॅटरी आहे म्हणून सुरुवातीलाच विजेवर चालवत राहिलो, सपाट रस्त्यावर सगळी संपवली आणि पुढे इंजिनावर. ह्यूमवर काही बिघडलं नाही, आरामात पोचलो. दुसऱ्या दिवशी बॅटरी न भरता कॅरव्हॅन घेऊन टवाँगा गॅपवरून माउंट ब्युटीकडे निघालो. ब्राइट तीनशे मीटरच्या आसपास, खिंड नऊशेच्या जवळ, आणि मधे वळणंच वळणं. गाडी, माणसं, सामान, कॅरव्हॅन धरून आमचं वजन ४.८ टन, ते ६०० मीटर वर न्यायला नुसती उंचीची ऊर्जाच पावणेआठ युनिट लागते, रस्त्याचं घर्षण वगैरे वेगळं. दहा-पंधरा मिनिटांत एवढं सगळं एकट्या छोट्या इंजिनाने द्यायचं म्हटल्यावर ते ओरडायला लागलं, वेग उतरत पन्नासच्या खाली आला, मागे गाड्यांची रांग. बाजूला घ्यायची जागा दिसली तिथे घेतली आणि सगळ्यांना जाऊ दिलं. दोष गाडीचा नाही, तयारी माझी नव्हती.

आई मागून म्हणाली, "अरे, हा तर पसरणीचा घाट!" आणि मग तिने आजोबांची गोष्ट काढली. गावाकडे उसाची गाडी ओढ्यातून वर काढताना दुसरी बैलजोडी जुंपायचे, ती जोडी सपाटीला नुसती मागे बांधून चालवायची, ओझं नाही द्यायचं, कारण चढाला ताजी पाहिजे. मी ऐकतच राहिलो. एवढे व्हिडिओ बघितले, मॅन्युअल वाचलं, पण बॅटरी म्हणजे ती दुसरी जोडी हे कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

आता पद्धत बदलली. स्क्रीनवर बॅटरी किती टक्क्यांवर राखायची ते ठरवता येतं, ७० टक्क्यांपर्यंत. कॅरव्हॅन जोडली की मी निघतानाच ती ७० वर लावतो. सपाटीला इंजिन आपलं आपलं चालत राहतं, बॅटरी शाबूत, आणि घाट आला की दोन्ही मोटर पोटभर खाऊन ओढतात. त्याच टवाँगा गॅपवर नंतर दोनदा गेलो, वेग उतरला नाही. उतारावर अजून एक फायदा, बॅटरीत जागा असते त्यामुळे ब्रेकिंगची वीज परत भरते आणि ब्रेक कमी तापतात. वर पोचताना बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर हे होत नाही. शेव्हरोलेच्या व्होल्ट या प्लग-इन गाडीत चढासाठी बॅटरी राखायला २०११ पासून माउंटन मोड नावाचं वेगळं बटणच होतं, आयडिया जुनीच आहे, वापरायची सवय नवी.

पेट्रोल किती पितं? कंपनीचा ८०० किलोमीटरचा आकडा रिकाम्या गाडीचा आणि चाचणीतला, ओढताना तो विसरा. कॅरव्हॅन लावली की आमचा खर्च जवळपास दुप्पट होतो, मी टाकीवर साडेतीनशे किलोमीटर धरतो आणि तीनशेलाच भरतो. समोरून वारा असेल तर अजून कमी. वेग शंभरवरून नव्वदवर आणला की फरक लगेच दिसतो, घाई नसेल तर हेच करा. लांब पल्ला, रोज पाचशे-सहाशे किलोमीटर ओढायचं असं काम असेल तर डिझेल अजून स्वस्त पडेल, खोटं कशाला बोलू. पण आमचं ओढणं वर्षातून आठ-दहा वेळा, बाकी रोज ऑफिस, शाळा, किराणा सगळं विजेवर, कधीकधी दोन-दोन आठवडे पेट्रोल पंपाचं तोंड बघत नाही.

३५०० किलो पाहिजेत आणि प्लग पण पाहिजे तर जीडब्ल्यूएम या चिनी कंपनीची कॅनन अल्फा आणि फोर्डची रेंजर, दोघींच्या प्लग-इन आहेत, इंजिन मोठं आणि चाकांना थेट जोडलेलं, म्हणजे ओझ्याखाली बॅटरी रिकामी झाली तरी दम टिकायला मदत. रेंजरची बॅटरी मात्र ११.८ युनिटचीच. शार्कमध्ये लो रेंज गिअर (हळू वेगात चाकांना जास्त जोर देणारा गिअर) नाही, वाळूत किंवा खडकात ओढणार असाल तर हे लक्षात ठेवा.

मुक्कामी पोचल्यावरचं सुख वेगळंच. गाडीतून ६.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर काढता येते. वीज नसलेल्या कॅम्पवर आम्ही इंडक्शन लावून कुकरला खिचडी टाकली, कॅरव्हॅनचा एसी चालू, जनरेटरचा घरघराट नाही, धूर नाही. शेजारच्या तंबूतलं जोडपं शिट्टी ऐकून बघायला आलं, जेवूनच गेलं.

एकच विनंती, घ्यायच्या आधी स्वतःची कॅरव्हॅन भरलेल्या अवस्थेत काट्यावर नेऊन तोला, आणि टो बॉलवर (गाडीमागे कॅरव्हॅन अडकवायच्या गोळ्यावर) किती भार येतो तेही बघा. कॅरव्हॅनवरच्या प्लेटचा आकडा वेगळा आणि आपण भरलेलं सामान वेगळं. आमचंच वजन मी १६०० समजत होतो.