हृदयशस्त्रक्रिया: नुसती पूर्ण भूल की पाठीतलीही जोडीला?

पूर्ण भूल दोन्हीकडे लागतेच. प्रश्न पाठीतल्या सुईचा. नुसत्या पूर्ण भुलीत वेदनेचा भार शिरेतून दिलेल्या फेंटानिलसारख्या औषधांवर पडतो; ती जास्त झाली की गुंगी रेंगाळते. जोडीला एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या कण्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवून दिलेली भूल, असेल तर छातीचं हाड कापलेलं असूनही पेशंट उशी छातीशी धरून नीट खोकतो, श्वासाची नळी लवकर निघू शकते. रक्तदाब मात्र घसरतो.

खरी धास्ती वेगळीच. हार्ट-लंग मशीनसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रासाठी, हेपारिन देऊन रक्त पातळ करतात. एपिड्युरलच्या जागी रक्तस्राव झाला तर साकळलेलं रक्त मज्जारज्जू दाबतं, पाय कायमचे लुळे पडू शकतात. क्वचितच, पण केवढी किंमत! स्पायनलमधून, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सुईने, एकदाच मॉर्फिन हे वेदनाशामक देताना सुई बारीक, मागे नळी राहत नाही. जोडी लावायचीच तर मला तीच बरी वाटते. खाज सुटते, ते चालतं. उशिरा मंदावू शकणाऱ्या श्वासावर मात्र रात्रभर नजर हवी.