जपानी शिलाई मशीन: वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

टोकियोत मुलाला होइकुएनमध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, घातलं की तिथून यादी हातात येते, बुटांची पिशवी, कपाची पिशवी, पांघरुणाची पिशवी, आणि बऱ्याच ठिकाणी मापं चक्क सेंटिमीटरमध्ये दिलेली असतात, बाजारातली तयार पिशवी त्यात बसेलच असं नाही. म्हणून इथल्या कितीतरी आया मशीन घेतात, तसं मीही घेतलं. कंपनी सांगत नाही, साधी घरगुती मशीन्स साधारण सारखीच असतात.

माझा हात बसलेला आईच्या काळ्या पायमशीनवर. इथे बऱ्याच मशीनसोबत पेडल येतच नाही, वेगळं घ्यावं लागतं! चालू-बंद समोरच्या बटणाने. सरळ टीप बटणावरही सुंदर येते, पण वळणावर हात उचलून बटण दाबेपर्यंत कापड पुढे गेलेलं असतं. तेव्हा पेडल घ्याच, आणि आपल्या मॉडेलला चालणारंच घ्या.

मॅन्युअल जपानीत असलं तरी घाबरू नका, दोऱ्याचा रस्ता मशीनवरच बाण आणि आकडे देऊन छापलेला असतो. बॉबीनकेस (बॉबीनची धातूची डबी) नाही, खालच्या दोऱ्याची प्लास्टिकची बॉबीन वरूनच टाकायची, झाकण पारदर्शक असल्यामुळे दोरा किती उरलाय ते दिसतं, हे मला फारच आवडलं. सुईत दोरा समोरून मागे जातो. आणि एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबीन काढून बघतात पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो, प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही. फूट वर करायचं, सगळा दोरा काढून पुन्हा ओवायचा.

नंबरांचं पण सांगते. सुई 11 नंबर रोजच्या सुती कापडाला, 14 जाडाला, म्हणजे आकडा मोठा तशी सुई जाड. दोऱ्याचं बरोब्बर उलटं, 60 नेहमीचा, 30 जाड, 90 पातळ. टोकियोतल्या निप्पोरीच्या कापडगल्लीत जाणार असाल तर हे डोक्यात ठेवूनच जा, तिथे एकदा शिरलं की दिवस कसा जातो कळत नाही.

खरी परीक्षा पिशवीच्या पट्ट्यापाशी. क्विल्टिंगचं (आत मऊ थर घालून शिवलेलं) कापड, त्याची दुमड, वर दुहेरी पट्टा, एवढे थर आले की मोटर घुं करते आणि थांबते. तिथे पेडल दाबत बसू नका, 14 ची सुई घाला, उजवीकडचं चाक हाताने आपल्याकडे फिरवत चार-पाच टाके काढा, जाड भाग ओलांडला की परत पेडल.

माझ्या मशीनला तेल घालायचं नाही, फक्त बॉबीनखालचा कापडाचा भुगा ब्रशने काढायचा. आवाज कमी आहे पण खाली जाड मॅट टाकाच, शेजारच्यांना टेबलाची थरथर जाणवते.

भारतात न्यायचा विचार असेल तर जपून, हे 100 व्होल्टवर चालतं, आपल्याकडे 230. व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल आणि तो स्वतःच जड. मी तरी परत जाताना इथेच एखाद्या नवीन आईला देऊन जाणार, पेडलसकट.