लेझरचे पैसे घेतले, खाच हातानं केली

तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. थोरला मुलगा कॉलेजात असल्यापासून माझ्याबरोबर बागेत राबायचा. द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी केली की त्याचे डोळे खाजायचे आणि तो मुठीनं चोळत बसायचा. चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलायला लागला. २०१७ साली सांगलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात निदान झालं, केराटोकोनस. यात बुबुळ, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा (कॉर्निया), पातळ होत जातं आणि शंकूसारखं पुढं येतं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

डॉक्टरांनी आम्हाला जेमतेम पाच मिनिटं दिली. बुबुळात खाच करून रिंग, म्हणजे प्लॅस्टिकची बारीक कमान, बसवायची होती. बाकीचं काउंटरवरच्या मॅडमनी सांगितलं, "काका, रिंग टाकली की आजार तिथंच थांबतो. खाच लेझरनं करू, पुन्हा आयुष्यभर बघायला नको." लेझरचे २५ हजार जादा होते. बेदाण्याची पट्टी नुकतीच आली होती, त्यातले दिले. सहा पानी इंग्रजी फॉर्मवर मुलानं सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. वाचला दोघांनीही नाही.

ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष चांगलं गेलं. मग रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती त्याला वलयं दिसू लागली. "सवय होईल" म्हणाले. २०२२ च्या पावसाळ्यापासून उजवा डोळा लाल व्हायचा आणि टोचायचा. आम्ही तीनदा दाखवलं, तिन्ही वेळा ॲलर्जीचे थेंब देऊन घरी पाठवलं. मशीनवर एकदाही बसवलं नाही. एका रात्री मी मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघितलं. बुबुळात ती कमान दिसत होती. तिचं एक टोक तांदळाच्या कणीसारखं पांढरं झालं होतं, आणि केसाएवढी लाल शीर कडेकडून त्याच्या दिशेनं सरकत आली होती.

दुसऱ्या दिवशी मिरजेला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी स्कॅन समोर धरला. रिंगचं टोक वर आलं होतं आणि त्याच्यावरचं बुबुळ विरघळायला लागलं होतं. त्याच आठवड्यात रिंग काढली. जंतुसंसर्ग झाला असता तर डोळ्यावर बेतलं असतं, असं ते म्हणाले.

रिंग म्हणजे काय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. निरोगी बुबुळ मध्यावर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं. त्याच्या आत, तीन चतुर्थांश खोलीवर खाच करून ही कमान सरकवतात. ती बुबुळाचा आकार थोडा सपाट करते, म्हणून दिसायला सुधारतं. आजार मात्र ती थांबवत नाही. त्यासाठी सी थ्री आर नावाचा वेगळा उपचार आहे, रायबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील किरण देतात. सांगलीत आम्हाला हा शब्द कुणी उच्चारलासुद्धा नव्हता. सहा वर्षांत बुबुळ आणखी पातळ झालं.

मग मी जुनी फाइल मागितली. सुरुवातीला "सापडत नाही" म्हणाले. लेखी अर्ज दिला की ७२ तासांत कागद द्यावे लागतात, हे मिरजेच्या एका वकिलांनी सांगितलं. अर्जाची पोच घेतली आणि तिसऱ्या दिवशी फाइल मिळाली. बिलावर लेझर होतं. ऑपरेशनच्या नोंदीत खाच "मॅन्युअल" लिहिली होती. हातानं केलेल्या खाचेची खोली सगळीकडं सारखी राहीलच असं नसतं आणि टोकाकडं ती उथळ राहिली तर रिंग हळूहळू वर येते. हातानं करणं गुन्हा नाही, अनेक चांगले सर्जन करतात. पण आमच्याकडून लेझरचे पैसे घेऊन हातानं केली, हे मी विसरणार नाही. त्यातच, रिंग बसवली त्या जागेची जाडी बुबुळाच्या स्कॅनमधल्या नकाशावर ३९८ मायक्रॉन, म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर होती. "इतक्या पातळ ठिकाणी मी टाकली नसती," असं मिरजेचे डॉक्टर म्हणाले.

कुणाला रिंग सुचवली असेल तर आधी विचारा, जिथं बसणार तिथली जाडी किती, खाच लेझरनं की हातानं, आणि आजार थांबवायला काय करणार. उत्तरं लिहून घ्या. रिंगच्या पाकिटावरचं स्टिकर फाइलला लावून मागा. ज्यांच्या डोळ्यात आधीच आहे त्यांनी काही त्रास नसला तरी दरवर्षी दाखवा. डोळा लाल झाला, टोचला, अचानक धूसर झाला, तर त्याच दिवशी जा. काउंटरवर तुमचा शब्द ऐकला नाही तर दुसरा दवाखाना गाठा. मी तीन वेळा गप्प परत आलो.

मुलाच्या बुबुळावर डाग राहिलाय. आता तो स्क्लेरल लेन्स, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स लावतो, सकाळी सलाइननं भरून. डाव्या डोळ्याचं सी थ्री आर झालं. सांगलीच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे. हा आजार काही घरांत चालतो म्हणून धाकटीच्या डोळ्यांचा नकाशा काढून आणला, त्यात अजून काही नाही. धुरळणीच्या दिवशी तिला आता बागेत येऊ देत नाही.