डेटाबेस म्हणून फुकटची अपॉइंटमेंट डायरी विकली. माझे ९४,९०० रुपये गेले

सांगली-मिरजेत दवाखाने, क्लासेस, पार्लर चालवणाऱ्यांकडे सध्या ‘तुमच्यासाठी खास सॉफ्टवेअर बनवून देतो’ म्हणत माणसं फिरताहेत. त्यातल्या एकाने माझ्याकडून ९४,९०० रुपये नेले. लाजेपोटी इतके दिवस गप्प होते. पण तोच माणूस तेच कोटेशन घेऊन मिरजेतल्या माझ्या एका मैत्रिणीच्या दवाखान्यात पोहोचल्याचं गेल्या आठवड्यात कळलं आणि राहवलं नाही.

माझा विश्रामबागला दाताचा दवाखाना आहे. पेशंट तासगाव, जत, कवठेमहांकाळकडूनही येतात. रूट कॅनॉलला तीन-चार सिटिंग, क्लिपा लावल्या की दीड-दोन वर्षं दर महिन्याला फेरी. कुणाचं काय काम झालं, किती पैसे जमा, किती बाकी, मागचा एक्स-रे कुठला, हे सगळं रजिस्टरात. रजिस्टर भरलं की दुसरं. मला हवं होतं ते एवढंच: पेशंटचं नाव टाकलं की त्याचा सगळा इतिहास समोर यावा. भेटीची वेळ फोनवर दिली तरी माझं अडत नव्हतं.

हे त्याला पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, तुम्हाला नुसतं अपॉइंटमेंटचं टूल चालणार नाही, रिलेशनल डेटाबेसच पाहिजे.” आणि बरोबरच होतं ते! म्हणूनच तर विश्वास बसला. पेशंट एका टेबलात, भेटी दुसऱ्या, ट्रीटमेंट तिसऱ्या, पैसे चौथ्या, आणि पेशंट नंबरने सगळी एकमेकांना जोडलेली, असं कागदावर काढून दाखवलं त्याने. तो कागद अजून माझ्याकडे आहे. खोटं बोलणारा माणूस इतकं खरं कशाला सांगेल, असंच कुणालाही वाटलं असतं.

कोटेशन असं: डेटाबेस लायसन्स १८,०००, डेव्हलपमेंट ५२,०००, ट्रेनिंग १५,०००. झाले ८५,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी १५,३००. एकूण १,००,३००. ॲडव्हान्स ४०,००० दिले, डेमोच्या दिवशी ४५,३००, वर सर्व्हरचं वर्षाचं भाडं म्हणून ९,६००. उरलेले १५,००० ट्रेनिंगनंतर द्यायचे होते. ते दिले नाहीत, एवढंच काय ते वाचलं.

आता डेमोचं. हे आठवलं की अजून रात्री झोप उडते. रिसेप्शनच्या मुलीने त्याच्यासमोर एक खोटा पेशंट टाकून बघितला. नाव, मोबाइल भरला, पण ईमेल टाकल्याशिवाय पान पुढे सरकेना. ती म्हणाली, “सर, आपल्या निम्म्या पेशंटकडं ईमेलच नाही.” तो म्हणाला, “सिस्टीमला युनिक आयडी लागतो, दवाखान्याचाच ईमेल टाका.” टाकला. लगेच दवाखान्याच्या मेलवर इंग्रजीत कन्फर्मेशन आलं, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात भलत्याच कंपनीचं नाव. मी विचारलं हे कोण. “ती मेल पाठवणारी सर्व्हिस आहे मॅडम.” मग तिने अगदी नेमकं विचारलं, “सर, ह्याच पेशंटची मागची भेट कुठं दिसंल?” तर, “ते सेकंड फेजमध्ये.”

सगळं तिथेच उघडं पडलं होतं. ज्यात पेशंटचा स्वतःचा नंबर नाही, मागची भेट नाही, पैशाचा रकाना नाही, तो डेटाबेस कसला? ईमेल त्याला हवा होता, कारण तो प्रकार कॅलेंडरचं निमंत्रण धाडण्यापलीकडे काही करतच नव्हता. पण बाहेर पेशंट खोळंबले होते, एकाची भूल उतरत आली होती. मी दातांची डॉक्टर आहे. समोरचा माणूस कॉम्प्युटरचा जाणकार म्हणून पैसे घेतो तेव्हा त्याच्या शब्दावर चालायचं नाही तर कशावर? त्याने मुद्दाम ओपीडीची वेळ निवडली होती, हे आता कळतंय.

महिनाभर आम्ही त्यात नावं भरत राहिलो. एकच पेशंट तीनदा आला की तीन वेगळी माणसं दिसायची. सगळ्यांची कन्फर्मेशन आमच्याच मेलवर. गणपतीला पुण्याहून भाचा आला, तो आयटीत आहे. त्याने पानावर राइट क्लिक करून आतला कोड उघडला आणि पाचच मिनिटांत सांगितलं, “मावशी, हे परदेशी कंपनीचं फुकट मिळणारं बुकिंगचं पान आहे. तुझ्या वेबसाइटच्या चौकटीत नुसतं बसवलंय. मागं डेटाबेस-बिटाबेस काही नाही.” आणि ज्या मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या लायसन्सचे म्हणून १८,००० घेतले, ते १९९५ पासून आहे आणि त्याची कम्युनिटी आवृत्ती आपल्यासारख्यांना फुकट वापरता येते. पोस्टग्रेस नावाच्या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरचंही तसंच. पैसे लागतात ते बनवणाऱ्याच्या कामाचे, लायसन्सचे नव्हेत. कोटेशनमध्ये त्यांच्या नावापुढे लायसन्सची रक्कम दिसली की तिथेच उठा.

जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून बघा, फुकट आणि मिनिटाचं काम आहे. त्याच्या बिलावरचा नंबर आधीच रद्द झालेला निघाला. म्हणजे १५,३०० सरकारच्या नावाने घेऊन खिशात घातले. पैसेही फर्मच्या खात्यात गेलेच नव्हते, यूपीआयवर त्याच्या वैयक्तिक बचत खात्यात गेले.

जाब विचारला तर म्हणाला, डेटा हवा असेल तर मायग्रेशनचे, म्हणजे तो दुसरीकडे हलवून द्यायचे, २२,००० भरा. अकाउंट त्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडे. माझ्या पेशंटची नावं, नंबर, कुणाला कसला त्रास, सगळं त्याच्या हातात. अकाउंट पहिल्या दिवसापासून स्वतःच्या मेलवर उघडून घ्या, मग ते टूल असो की डेटाबेस.

पोलीस ठाण्यात गेले. “मॅडम, त्याने काहीतरी दिलंय ना? मग ही सिव्हिल मॅटर झाली, कोर्टात जा.” मी म्हटलं, पितळ देऊन सोन्याचे पैसे घेतले तर तीही सिव्हिल मॅटर का? उत्तर नाही. अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला मात्र साहेब जागेवर नाहीत. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, हॅकिंग कुठे झालंय? एका हेल्पलाइनने तक्रार नोंदवली आणि ‘समोरून प्रतिसाद नाही’ म्हणून बंद केली. समोरून प्रतिसाद नाही म्हणूनच मी तुमच्याकडे आले ना! एकाने तर सगळ्यांसमोर विचारलं, “डॉक्टर असून फसलात?” कराच्या नावाने पैसे उकळणारा माणूस मोकळा फिरतोय आणि मान खाली घालायची मी. तीन टेबलांवर तीच कहाणी, तेच झेरॉक्स, तोच “वरिष्ठांशी बोलून सांगतो”.

शेवटी एका वकील मैत्रिणीने मार्ग दाखवला. १ जुलै २०२४ पासून जुन्या ४२० च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने कळवता येतं. तिथेही दाद नाही लागली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. मी अधीक्षकांना अर्ज पोस्टाने पाठवलाय, पावती फाइलला लावलीय. ग्राहक आयोगात ‘व्यावसायिक वापर’ म्हणून अडवतील असं सगळे सांगतात. पण फक्त स्वतःच्या रोजगारासाठी, पोटापाण्यापुरतं घेतलं असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्याला वाट आहे, आणि जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही. तीही तक्रार तयार होतेय.

तुम्हाला नुसत्या भेटीच्या वेळा लावायच्या असतील तर खास काही बनवून घेऊ नका, गूगल कॅलेंडरमध्येही बुकिंगचं पान निघतं. जुनी नोंद, बाकी, इतिहास हवा असेल तरच डेटाबेस, आणि मग डेमोत दोनच गोष्टी मागा: एकाच पेशंटच्या दोन भेटी एकाखाली एक दाखव, आणि सगळ्याचा बॅकअप आत्ता माझ्या पेनड्राइव्हवर दे. टाळाटाळ केली तर एक रुपया देऊ नका. ओपीडी चालू असताना डेमो घेऊ नका.

त्याच्याकडे अडकलेल्या यादीतल्या पेशंटना मी स्वतः फोन करून सांगतेय, दवाखान्याच्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका. वर लिहिलेलं कोटेशन, ‘डेटाबेस लायसन्स १८,०००’ ही ओळ असलेलं, तुमच्याकडे आलं असेल तर फाडू नका. तारखेसह जपून ठेवा आणि मला कळवा, तक्रारीला जोडायचंय.