माइल्सवर तिकीट, सरचार्ज रोखीत: पुण्याहून दीडेक वर्ष वापरल्यावर

क्रेडिट कार्डावर पॉइंट्स जमवायचे, ते एका परदेशी विमान कंपनीच्या खात्यात माइल्स (कंपनीचे बक्षीस-गुण) म्हणून वळवायचे आणि त्यावर युरोपची तिकिटं काढायची, हे मी गेलं दीडेक वर्ष नेमाने करतोय. चाकणच्या कारखान्यातून कामासाठी जर्मनीला जाणं असतं, मुलगी तिकडेच शिकते. त्यामुळे आमच्या घरात ही हौसेची नाही, गरजेची बाब आहे. कार्डाचं आणि त्या कंपनीचं नाव लिहीत नाही. नियम सारखे बदलतात, आणि मला जे सांगायचंय ते माइल्सच्या बहुतेक सगळ्याच कार्यक्रमांना लागू पडतं.

निकाल आधीच सांगतो. कार्ड ठेवणार आहे. त्या कंपनीच्या खात्यात मात्र यापुढे एकही पॉइंट आगाऊ वळवणार नाही. किती माइल्स लागतात हे बघून अवॉर्ड तिकीट, म्हणजे माइल्सवर काढलेलं तिकीट, स्वस्त की महाग ते ठरत नाही. ते ठरतं त्याखालच्या, रोख रकमेच्या ओळीवर: कर आणि कंपनीचा अधिभार, म्हणजे सरचार्ज. आणि ती ओळ कोण, केव्हा, किती वाढवेल याला धरबंध नाही.

आधी विमान कंपन्यांच्या आपसातल्या भागीदारीबद्दल, कारण पुण्याहून उडणाऱ्याला तो विषय मुंबई-दिल्लीकरांपेक्षा जास्त भिडतो. पुण्याचं लोहगाव हे मुळात हवाई दलाचं विमानतळ आहे आणि धावपट्टी लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांसाठी अपुरी आहे. जुलै २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, रांगा आटोपशीर झाल्या, बसायला जागा मिळायला लागली. पण युरोपला थेट विमान नाही ते नाहीच. लुफ्तान्साने २००८ मध्ये पुणे-फ्रँकफर्ट सुरू केलं होतं, तेही लहान, फक्त बिझनेस क्लासच्या विमानाने. आता तेही नाही. म्हणजे दोनच वाटा उरतात. एक, गाडी करून द्रुतगती महामार्गाने मुंबई गाठायची. बोरघाटात एखादा कंटेनर आडवा झाला की जीव टांगणीला. दुसरी, लोहगावहून दिल्ली आणि तिथून पुढे.

या दुसऱ्या वाटेचं सगळं सुख एका गोष्टीवर अवलंबून आहे: पुणे-दिल्ली आणि दिल्ली-फ्रँकफर्ट एकाच तिकिटावर आहेत का. एकाच पीएनआरवर असतील तर बॅग लोहगावला टाकायची ती फ्रँकफर्टला उचलायची. पुण्याचं विमान उशिरा सुटलं आणि पुढचं चुकलं, तर पर्यायी विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी. दोन वेगळी तिकिटं असतील तर दिल्लीत तुम्ही निव्वळ न आलेले प्रवासी, आणि पुढचं तिकीट गेलं. (येताना बॅग दिल्लीला कस्टम्ससाठी उचलावीच लागते, तिथे भागीदारीही कामाची नाही.) कोणती कंपनी कोणाच्या तिकिटावर दुसऱ्याचा टप्पा जोडून देते, हे भागीदारीच्या करारातून ठरतं. तो करार बदलला की पुणेकराच्या प्रवासाचा आकारच बदलतो.

मोठा बदल सगळ्यांना ठाऊक आहे: १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. विस्ताराच्या क्लब विस्तारा कार्यक्रमाचे पॉइंट्स एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये आले. विस्तारा विमान कंपन्यांच्या कोणत्याच आघाडीत नव्हती. तिचे करार ज्याच्या त्याच्याशी वेगळे, आणि सिंगापूर एअरलाइन्स ४९ टक्क्यांची मालक असल्याने सिंगापूरच्या क्रिसफ्लायर कार्यक्रमाच्या सदस्यांना विस्तारावर माइल्स वापरता यायचे. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या आघाडीत आहे. विलीनीकरणानंतर विस्ताराची पुण्याची विमानं एअर इंडियाच्या क्रमांकाने उडायला लागली आणि स्टार अलायन्समधल्या इतर कार्यक्रमांच्या सदस्यांसाठी पुणे-दिल्लीची जास्त विमानं खुली झाली. विस्ताराची सेवा, जेवण, वक्तशीरपणा यांबद्दल लोक हळहळले आणि ती हळहळ मला पूर्ण मान्य आहे. पण निव्वळ माइल्सच्या हिशेबाने पुणेकराला यातून मिळालंही आहे, हे फारसं कोणी बोललं नाही.

माझं बिनसलं ते दुसरीकडे. माझं खातं ज्या कंपनीत, तिने एका भागीदारासोबतचा माइल्सचा तक्ता बदलला. स्वस्त बुकिंग वर्गावर, म्हणजे कमी भाड्याच्या तिकिटांवर, मिळणारे माइल्स एकदम खाली आले आणि त्याच सुमारास त्या भागीदाराच्या अवॉर्ड तिकिटावर सरचार्ज लागू झाला. ईमेल आलं, त्यात ‘आणखी चांगला अनुभव’ असं काहीतरी लिहिलं होतं. तक्ता शोधायला तीन पानं आत जावं लागलं. बदल करायला माझा विरोध नाही, धंदा आहे. पण लोकांनी जमवून ठेवलेल्या गोष्टीची किंमत उतरवताना ते पहिल्या ओळीत, आकड्यांत आणि काही महिने आधी सांगायला हवं. हे मी त्यांना लेखी कळवलंय.

आता सरचार्ज. अवॉर्ड तिकिटावरच्या रोख रकमेत दोन अगदी वेगळ्या जातीचे पैसे असतात. पहिले सरकारचे आणि विमानतळाचे: आपल्याकडे विमानतळाचं वापरकर्ता विकास शुल्क, सुरक्षा शुल्क; जर्मनीतून निघताना तिथला विमान प्रवास कर; लंडनहून निघालात तर ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्यूटी, जो तिथून भारतात येताना बिझनेस क्लासला दोनशे पौंडांच्या वर जातो. हे कुणालाच चुकत नाहीत. दुसरे पैसे कंपनीने स्वतः लावलेले. तिकिटाच्या तपशिलात ते ‘वायक्यू’ किंवा ‘वायआर’ या कोडखाली दिसतात. तेलाचे भाव भडकले तेव्हा हे इंधन अधिभार म्हणून फोफावले. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं होतं. पुढे तेल कितीतरी उतरलं, पण अधिभार राहिला. अनेक कंपन्यांनी त्यातला ‘इंधन’ शब्द काढला आणि ‘कंपनीने आकारलेला अधिभार’ असं नाव दिलं.

तो का राहिला, हेही समजून घेण्यासारखं आहे. एजंटचं कमिशन किंवा मोठ्या कंपन्यांची कॉर्पोरेट सूट साधारणपणे मूळ भाड्यावर मोजली जाते. जितकी रक्कम भाड्यातून काढून अधिभारात टाकाल, तितकी ती या वजावटीपासून वाचते. आणि अवॉर्ड तिकिटात मूळ भाडं शून्य होतं, अधिभार मात्र तसाच उभा राहतो. म्हणजे माइल्सही घेतले आणि भाड्याचा मोठा भाग रोखीतही घेतला.

माझंच उदाहरण घ्या. फ्रँकफर्टचं जाऊन-येऊन इकॉनॉमी तिकीट रोखीत साधारण ५८,००० रुपयांना दिसत होतं. तेच माझ्या कार्यक्रमात ६०,००० माइल्स आणि वर ३१,००० रुपये. त्यातले जेमतेम ८,००० खरे कर, बाकी सगळा सरचार्ज. वाचले किती? २७,०००. म्हणजे एका माइलला ४५ पैसे. सरचार्ज नसता तर त्याच माइलने ८३ पैसे वाचवले असते. शिवाय रोखीच्या तिकिटावर नवे माइल्स मिळतात, अवॉर्डवर मिळत नाहीत. वर रक्कम युरोत कापली जाते, म्हणून बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत परकीय चलनाचं मार्कअप आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. मी ते तिकीट रोखीत घेतलं.

सगळीकडे असंच आहे असं मात्र नाही, आणि म्हणूनच मला याचा इतका राग येतो. सरचार्ज सदस्यावर टाकायचा की नाही, हे तिकीट देणारा कार्यक्रम ठरवतो. एअर कॅनडाच्या एरोप्लॅन कार्यक्रमाने नोव्हेंबर २०२० मध्ये अवॉर्ड तिकिटांवरचे असे अधिभार बंद केले. भागीदार कंपनीचं तिकीट असेल तर ३९ कॅनेडियन डॉलर शुल्क घेतात, पण ते ठरलेलं आणि उघड. अमेरिकेची युनायटेड एअरलाइन्सही असा अधिभार सदस्याकडून घेत नाही. सिंगापूर एअरलाइन्सने मार्च २०१७ मध्ये स्वतःच्या विमानांवरच्या अवॉर्ड तिकिटांसाठी इंधन अधिभार काढला. त्याच वेळी ऑनलाइन अवॉर्ड बुकिंगवरची माइल्समधली १५ टक्के सवलतही काढली, म्हणजे दुसऱ्या हाताने घेतलं, पण निदान जे काही आहे ते माइल्समध्ये दिसतं. हाँगकाँगमध्ये तर २०१६ पासून काही काळ तिथून निघणाऱ्या विमानांवर इंधन अधिभाराला सरकारी बंदीच होती; २०१८ च्या अखेरीस ती उठली. म्हणजे हे नैसर्गिक संकट नव्हे. कुणीतरी निर्णय घेतो म्हणून ते घडतं.

आमच्या ओळखीत बरीच मंडळी सतत उडणारी आहेत. चाकण, हिंजवडी, भोसरी, सगळीकडची. त्यांच्या प्रतिक्रिया एकसारख्या नाहीत. हिंजवडीतला एक मित्र सरळ कॅशबॅक कार्डावर गेला; त्याचं म्हणणं, रुपयाला निदान कोणी रातोरात अर्ध्यावर आणत नाही. एक ज्येष्ठ सहकारी मात्र ठाम आहेत. त्यांना अवॉर्ड तिकिटाशी देणंघेणंच नाही, त्यांना हवा गोल्ड, म्हणजे सतत उडणाऱ्यांना मिळणारा वरचा दर्जा. स्टार अलायन्स गोल्डवर जास्तीचं सामान नेता येतं, लाउंज मिळतं, आणि यंत्राचे नमुने घेऊन फिरणाऱ्या माणसाला सामानाची ती सवलत सरचार्जच्या वादापेक्षा कितीतरी मोलाची आहे. त्यांचं मला पटतं. जेट एअरवेजच्या काळातले लोक सगळ्यात सावध. एप्रिल २०१९ मध्ये जेट थांबली तेव्हा जमवलेल्या माइल्सचा मुख्य उपयोगच गेला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. ते म्हणतात, माइल्स म्हणजे उन्हातला बर्फ, साठवायचा नसतो. ‘वाट बघू, सुधारेल’ म्हणणारेही आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. गेल्या काही वर्षांत तक्ते सदस्याच्या बाजूने सुधारल्याची उदाहरणं शोधावी लागतात, उलटी मात्र समोर येऊन उभी राहतात.

इतकं असूनही मी हे सोडत का नाही? कारण दोन प्रसंगी माइल्सला तोड नाही. एक, एकतर्फी प्रवास. आंतरराष्ट्रीय रोखीच्या भाड्यात एकाच बाजूचं तिकीट पुष्कळदा परतीच्या तिकिटाच्या निम्म्याहून खूपच महाग असतं. बऱ्याच कार्यक्रमांत अवॉर्ड मात्र बरोबर निम्म्यात मिळतं. शिकायला जाणाऱ्या मुलांना परतीची तारीखच माहीत नसते, त्यांना हे फार उपयोगी. दुसरा, तातडीचा प्रवास. मुलगी अचानक आजारी पडली तेव्हा परवाच्या विमानाचं रोख भाडं बघवत नव्हतं. जागा उपलब्ध होती आणि माइल्सचा दर नेहमीचाच होता. त्या वेळी सरचार्जसकट ते तिकीट मी बिनतक्रार घेतलं. अशा वेळेसाठी थोडे पॉइंट्स बाजूला असावेतच.

पण ते बँकेत असावेत. बहुतेक कार्डांचे पॉइंट्स चार-पाच वेगवेगळ्या कंपन्यांकडे वळवता येतात. एकदा वळवले की परत येत नाहीत आणि त्या एकाच कंपनीच्या लहरीवर राहतात. बँकाही दर बदलतात, वर्षाला किती वळवता येतील यावर मर्यादा आणतात, हे खरंय. तरी चार दारं उघडी असणं केव्हाही बरं. मी आता आधी जागा शोधतो, मग एकाच विमानाची रोख ओळ दोन-तीन कार्यक्रमांत पडताळतो, आणि मगच वळवतो. आयटीए मॅट्रिक्स या भाडं शोधायच्या संकेतस्थळावर रोख तिकिटाचं भाडं उघडून पाहिलं तर वायक्यू-वायआर वेगळे दिसतात, त्यावरून सरचार्जचा अंदाज आधीच येतो. एव्हिओस (काही विमान कंपन्यांचे सामाईक माइल्स) जमवणाऱ्यांनी तर हे करावंच, कारण तेच एव्हिओस ब्रिटिश एअरवेज, कतार, आयबेरिया, फिनएअर यांच्यात हलवता येतात आणि रोख ओळ दर ठिकाणी वेगळी येते.

डीजीसीएकडून, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडून, माझी एक साधी अपेक्षा आहे. तिकीट रद्द केलं तर सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत द्यायलाच हवं, भाडं ना-परतीचं असलं तरी, हा त्यांचाच नियम आहे. म्हणजे कर कोणते आणि कंपनीचे पैसे कोणते हा फरक नियमात आधीच मानलेला आहे. मग तो पैसे भरण्याच्या पानावरही दिसू दे. ‘कर व शुल्क’ या एका ओळीखाली कंपनीचा अधिभार घालणं ही ग्राहकाची दिशाभूल आहे, आणि ती वर्षानुवर्षं चालू आहे.

भागीदारीचं चित्र आणखी हलणार आहे. जून २०२५ मध्ये इंडिगोने डेल्टा, एअर फ्रान्स-केएलएम आणि व्हर्जिन अटलांटिकबरोबरची भागीदारी जाहीर केली; लोहगावहून इंडिगोची विमानं भरपूर, त्यामुळे पुणे ते अ‍ॅमस्टरडॅम एकाच तिकिटावर माइल्सने कितपत जमतं याकडे माझं लक्ष आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. युरोपची विमानं तिथून नियमित सुटायला लागली तर पुणेकराचा निम्मा हिशेब नव्याने मांडावा लागेल, कारण तिथे, उलव्यापर्यंत, गाडीने जाणं अंधेरीच्या मुंबई विमानतळापेक्षा खूपच सोपं आहे. तोपर्यंत माझा क्रम ठरलेला: लोहगावपासून एकच पीएनआर, सरचार्ज न घेणारा कार्यक्रम, आणि तसं तिकीट मिळत नसेल तर रोखीचं.