काटेरी जाळीतून ससा उठवायला कोणता कुत्रा घ्यावा? वापरून पाहिलेल्या जाती आणि संकर

सशांसाठी कुत्रा शोधतोय असं कोणी म्हटलं की गप्पा लगेच वेगावर जातात. उघड्या रानात ते ठीक आहे. ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीत, म्हणजे ब्रॅम्बलमध्ये, मात्र वेगाचा काडीचा उपयोग नाही. तिथे ससा दहा पावलं पळतो, दबून बसतो, वळसा घेतो आणि परत पहिल्या जागेशेजारी येऊन थांबतो. त्याला उठवायला नाक लागतं, चिकाटी लागते आणि काटे झेलणारे केस लागतात. ससा बाहेर पडला की शिट्टीसरशी थांबणंही तितकंच लागतं. खालच्या सगळ्या जाती मी याच कसोटीवर तोलल्या आहेत.

इंग्लंडमधल्या मेंढ्यांच्या शेतांवर सशांचा बंदोबस्त करणं हे माझं रोजचं काम. इथे १९५४ च्या पेस्ट्स अ‍ॅक्टने ससे आवरण्याची जबाबदारी जमीन कसणाऱ्यावर टाकलेली आहे, त्यामुळे शेतकरी स्वतःहून बोलावतात. २००४ च्या हंटिंग अ‍ॅक्टने कुत्र्यांकरवी रानप्राण्यांची शिकार करण्यावर बंदी आली, पण जमीनमालकाची परवानगी असेल तर बिळं करून राहणाऱ्या सशांमागे (रॅबिट) कुत्रा घालायला त्यात सूट आहे. उघड्या माळावर राहणाऱ्या मोठ्या, लांब कानांच्या हेअरच्या मागे कुत्रा घालायला ती सूट नाही. दोन्ही प्राणी एकाच बांधाला भेटतात, म्हणून कुत्रा थांबतो की नाही हा थेट कायद्याचा प्रश्न होतो. भारतात रानसशाची शिकारच बेकायदा आहे, तेव्हा हे सगळं इंग्लंडपुरतंच वाचावं.

थांबण्यावर मी इतका जोर देते त्याचं दुसरं कारण बंदूक. ससा जमिनीलगत पळतो. त्याच्या शेपटीला चिकटून धावणारा कुत्रा छऱ्यांच्या वाटेत येतो. चांगला बंदूकधारी अशा वेळी गोळी झाडतच नाही, म्हणजे ससा गेला आणि मेहनतही गेली. वाईट बंदूकधाऱ्याचं काय होतं ते लिहायची गरज नाही. शिवाय शॉटगनचा भरवशाचा टप्पा पस्तीस मीटरच्या आसपास संपतो. कुत्रा माणसापासून वीसेक मीटरच्या आत काम करत असेल तरच उठलेला ससा टप्प्यात सापडतो. साठ मीटरवर एकटाच ससे उठवत फिरणारा कुत्रा कितीही हुशार असो, तो दुसऱ्या कोणाच्या तरी शेतासाठी काम करत असतो.

आता जातींकडे. माझी पहिली पसंती वर्किंग कॉकर, म्हणजे कामाच्या वाणाचा कॉकर स्पॅनियल. शोमध्ये दिसणारा जड केसांचा, जमिनीला कान टेकणारा कॉकर वेगळा. कामाचं वाण आटोपशीर, आखूड कानांचं, बारा-चौदा किलोचं असतं. माझी टिकली याच वाणाची. जाळीत शिरण्याआधी ती कडेकडेने वारा घेत फिरते. जुना वास असेल तर शेपटी सैलसर हलत राहते. ससा खरोखर आत बसलेला असेल तर ती हालचाल आखूड आणि जलद होते, मागचं अंग खाली जातं आणि ती पोटावर सरपटत आत घुसते. सशांच्या ये-जा करण्याने जाळीच्या बुडाशी बोगद्यासारख्या वाटा पडलेल्या असतात, जेमतेम वीतभर उंच. कॉकर त्या वाटेनेच जातो. म्हणूनच दाट, जुन्या, कमरेएवढ्या ब्रॅम्बलमध्ये तो मोठ्या कुत्र्यांना मागे टाकतो. मग आतून एक-दोनदा काटक्या मोडल्याचा आवाज येतो आणि ससा भलत्याच बाजूने बाहेर पडतो. टिकली त्याच्या पाठोपाठ तोंड बाहेर काढते, तेव्हा शिट्टीचा एक लांब फुंकर पुरतो. ती बुड टेकून बसते आणि ससा कुठे गेला ते बघत राहते.

कॉकरची उणीवही सांगते. स्वभावाने तो स्वतःच्या मनाचा. सहा महिन्यांचं पिल्लू जाळीत मोकळं सोडून सशांची चटक लावली तर पुढे दोन वर्षं त्याच्या मागे ओरडत फिरावं लागेल. आधी थांबणं पक्कं, मग ससे, हा क्रम कॉकरच्या बाबतीत मोडून चालत नाही. लांबलचक कुंपणं दिवसभर झोडपायची असतील तर तो संध्याकाळपर्यंत टिकतो खरा, पण उंच ओलं गवत आणि खोल खड्डे त्याला लवकर दमवतात.

तिथे स्प्रिंगर स्पॅनियल येतो. वजनाने वीस किलोच्या घरात, पायाने उंच. जाळीखालून जायला जागा नसेल तर वरून उडी मारून जाळी फोडतो. गॉर्सच्या टोचऱ्या झुडपांत मी स्प्रिंगरशिवाय जात नाही. शिकवायला तो कॉकरपेक्षा सोपा, माणसाच्या तोंडाकडे जास्त बघणारा. पहिलाच कुत्रा घेणाऱ्याने डोळे झाकून चांगल्या कामाच्या घराण्यातला स्प्रिंगर घ्यावा. त्याचा दोष एकच: छोट्या जागेत तो फार मोठा पडतो. दोन गुंठ्यांच्या जाळीभोवती तो इतका दणदणाट करतो की ससे आत दबून बसायच्या ऐवजी आधीच बिळाकडे सटकतात.

या दोघांचा संकर म्हणजे स्प्रॉकर. हल्ली तो सगळीकडे दिसतो, आणि कामासाठी तो मला मनापासून आवडतो. आकार मधला, अंग कॉकरपेक्षा ताकदीचं, डोकं बहुतेक वेळा स्प्रिंगरकडे झुकणारं. ‘बहुतेक वेळा’ हे शब्द महत्त्वाचे. एकाच विणीतली पिल्लं शेजारी उभी केली तर एक पुरता कॉकर दिसेल आणि दुसरा कॉकरचा हट्ट घेतलेला स्प्रिंगर. संकरात दोन जातींची सरासरी मिळेल असं धरून चालू नका. पिल्लू विकणारा ‘दोन्हीकडचं उत्तम’ म्हणाला तर आई-बाप दोघांना जाळीत काम करताना दाखव म्हणावं. दाखवायला तयार नसेल तर तिथून निघावं.

बीगलबद्दल माझं मत जरा गुंतागुंतीचं आहे. नाकात त्याला तोड नाही. स्पॅनियल ज्या थंड, म्हणजे जुन्या वासावरून पुढे निघून जातो त्यावर बीगल मान खाली घालून वळणं काढत बसतो. माग सापडला की गळा काढतो, आणि तो आवाज दाट जाळीत फार कामाचा असतो: ससा आत कुठून कुठे चाललाय ते बाहेर उभ्या माणसाला कानाने कळतं. लांब जाळं लावून दोन-तीन माणसं उभी असतील तर बीगलसारखा साथीदार नाही. स्पॅनियलच्या फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे रानातल्या कामाच्या स्पर्धेत, भुंकणं हा बाद करणारा दोष मानतात. बीगलचं सगळं भांडवलच तो आवाज. पण एकदा माग लागला की बीगलला शिट्टी ऐकू येत नाही, निदान तसं तो वागतो. हेअरचा माग लागला तर पुढचं गाव दिसेपर्यंत परत नाही. चारी बाजूंनी बंदिस्त शेत नसेल तर निव्वळ बीगल मी कोणालाही सुचवणार नाही.

बीगल आणि टेरियर हा संकर मी दुसऱ्यांच्या हाताखाली बराच पाहिलाय. जे चांगले निघतात ते फार चांगले: आवाज बीगलचा, काट्यांची फिकीर टेरियरसारखी शून्य, आकार आटोपशीर. वाईट निघतात त्यांत दोन्हीकडचा हट्ट एकत्र येतो. अनुभवी माणसाने हा जुगार जरूर खेळावा.

जॅक रसेल आणि बॉर्डर टेरियर ही जाळीतली धाडसी मंडळी. घुसण्यात कोणी हात धरणार नाही. अडचण अशी की ससा बिळात गेला की हेही बिळात जातात. सशाचं बीळ समजून बॅजरच्या (जमिनीत मोठी बिळं खोदणारा, काळ्या-पांढऱ्या तोंडाचा रानप्राणी) बिळात गेले तर प्रकरण गंभीर. १९९२ च्या बॅजर संरक्षण कायद्यानुसार बॅजरच्या बिळात कुत्रा घालणं गुन्हा आहे, आणि मोठा बॅजर आत कोंडलेल्या टेरियरचा जबडा फाडू शकतो. ज्या रानात बॅजरची बिळं आहेत तिथे बिळात मावणारच नाही असा कुत्रा घ्या, हा माझा साधा नियम. टेरियरच वापरायचे असतील तर गळ्यात शोधयंत्राचा पट्टा हवाच आणि आदल्या दिवशी रान पायी फिरून बिळं बघून ठेवायला हवीत. बॅजरच्या बिळाचं तोंड रुंद आणि आडवं असतं, बाहेर मातीचा मोठा ढीग, त्यात जुनं गवत मिसळलेलं. एकदा पाहिलं की ओळख विसरत नाही.

लर्चर, म्हणजे ग्रेहाऊंड किंवा व्हिपेटसारख्या धावणाऱ्या जातीचा कामाच्या जातीशी संकर. सशांसाठी इथे बेडलिंग्टन टेरियर आणि व्हिपेटची जोडी जुनी आणि मानाची. जाळीत घुसवायला मी तिला घेत नाही. ती बाहेर उभी असते, कान टवकारून, आत टिकली काय करतेय ते ऐकत. ससा निघाला की तीन-चार ढांगांत पकडते, बहुतेक वेळा मऊ तोंडाने, जिवंत हातात आणून देते. जिथे घर जवळ आहे, गुरं आहेत, बंदूक चालवता येत नाही, तिथे स्पॅनियल आत आणि हा लर्चर बाहेर ही जोडगोळी माझ्या मते सर्वांत नेटकी. निव्वळ व्हिपेटची कातडी कागदासारखी फाटते, काटेरी तारेच्या देशात त्याला टाके घालून घालून जीव नकोसा होतो. बेडलिंग्टनचे दाट, लोकरी केस ती उणीव बरीच भरून काढतात.

इतर जातींबद्दल थोडक्यात. क्लंबर शांत आणि कसून शोधणारा, पण जड आणि मिळायला दुर्मीळ. डॅक्सहुंड जाळीच्या बुडातून छान सरकतो, मात्र पाठीच्या मणक्याचा आजार त्या जातीत इतका आहे की उड्या मारायच्या कामाला मी त्याला लावणार नाही. लॅब्राडोर मेलेला ससा आणायला उत्तम. काट्यात घुसायला तो लागतो तेव्हा बहुधा दुसरा कुत्रा घरी आजारी असतो. स्प्रिंगर आणि कोली यांचा संकर डोक्याने झक्क, पण काही पिल्लं जाळीत घुसायच्या ऐवजी बाहेरून डोळा लावून बसतात. मेंढ्या वळायला ते रक्त हवं, जाळीला नको.

संकर म्हणजे आपोआप निरोगी, हा समज सगळ्यात घातक. स्प्रिंगर आणि कॉकर दोघांच्याही रक्तात एएमएस नावाचा दोष सापडतो: पिल्लाला पंजांत वेदना कळत नाही आणि ते स्वतःचे पंजे कुरतडतं. दोन्ही पालक वाहक असतील तर स्प्रॉकरलाही तो होऊ शकतो. डीएनए चाचणी सोपी आहे, दोन्ही पालकांचे निकाल कागदावर मागा. कॉकरच्या बाजूने पीआरए (हळूहळू दृष्टी घालवणारा दोष) आणि एफएन (मूत्रपिंडाचा दोष), स्प्रिंगरच्या बाजूने फ्युकोसिडोसिस (मज्जासंस्थेचा दोष) हेही विचारा. जॅक रसेलमध्ये डोळ्यातलं भिंग सरकण्याचा दोष असतो. बेडलिंग्टनमध्ये यकृतात तांबं साठण्याचा. हा तांब्याचा दोष दोन्ही पालकांकडून यावा लागतो, म्हणून व्हिपेटबरोबरच्या पहिल्या पिढीत तो सहसा प्रकट होत नाही. पण त्या पिल्लाची जोडी परत बेडलिंग्टनशी लावली की धोका परत उभा राहतो. ही गोष्ट पिल्लू विकणारे क्वचितच सांगतात.

इंग्लंडमध्ये २०२० पासून दलालाकडून किंवा पाळीव प्राण्यांच्या दुकानातून पिल्लू विकायला बंदी आहे, पाळणाऱ्याच्या घरी आईसोबतच पिल्लू बघायचं. त्या भेटीत मी पिल्लांपेक्षा आईकडेच जास्त वेळ बघते. दारावर अनोळखी माणूस आला तर ती कशी वागते, कानाच्या कडांवर काट्यांच्या जुन्या खुणा आहेत का, शेपटीचं टोक शाबूत आहे का. लांब शेपटीचा स्पॅनियल ब्रॅम्बलमध्ये शेपटी हलवून हलवून टोक रक्तबंबाळ करतो आणि ते बरं व्हायला महिने लागतात. म्हणून इथे कामाच्या स्पॅनियल आणि टेरियरची शेपटी पाच दिवसांच्या आत, फक्त पशुवैद्याने, कामाचा पुरावा पाहून कापायला परवानगी आहे. प्रमाणपत्राशिवाय आखूड शेपटी दिसली तर मी ते पिल्लू घेत नाही.

घरी आणल्यावरचं एक सांगते, कारण स्पॅनियलवाले त्यातच फसतात. काम संपलं की कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गवताचं कुसळ शोधायचं, रोज, दिवा लावून. उन्हाळ्यात ते कुसळ कातडीत शिरून पार वर चढतं. आणि सशाचं कच्चं आतडं कुत्र्याला कधीही द्यायचं नाही. त्यातून पट्टकृमी येतात. जंताचं औषध देताना त्यात प्राझिक्वांटेल आहे ना ते बघून घ्यावं. मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये आला तेव्हा सशांची संख्या जवळपास संपली होती, आजही सुजलेल्या डोळ्यांचे आजारी ससे जाळीच्या कडेला बसलेले सापडतात. कुत्र्याला तो रोग होत नाही. पण शिकणाऱ्या पिल्लाला असा न पळणारा ससा सहज तोंडात मिळाला की त्याला पकडण्याची सवय लागते, म्हणून तसा ससा दिसला की मी पिल्लाला आधी दोरी लावते.

पहिला कुत्रा असेल आणि वेळ कमी असेल तर पिल्लू न घेता थांबणं पक्कं झालेला दीड-दोन वर्षांचा स्प्रिंगर किंवा स्प्रॉकर घ्या. बघायला जाताना विक्रेत्याला सांगा की ससे असलेल्या जाळीवरच भेटू. कुत्र्याने ससा उठवला की विक्रेत्याने शिट्टी फुंकण्याआधी तुम्हीच त्याची शिट्टी मागून घ्या आणि स्वतः फुंका. अनोळखी माणसाच्या फुंकरीवर जो बसतो, त्याच्यावर पैसे मोजायला हरकत नाही.