क्रेऑन २५,००० (जेवण पचवणाऱ्या कॅप्सूल) : स्वादुपिंडच उरलं नाही त्यांच्यासाठी

आमच्या ह्यांचं स्वादुपिंड पूर्ण काढलंय. कॅन्सरच्या गाठी दोन होत्या. स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ पित्तनलिका दाबत होती, कावीळ तिच्यामुळेच. ती सीटी स्कॅनमध्ये ठळक दिसली. शेपटाकडची बारकी गाठ सापडली ती एंडोस्कोपिक सोनोग्राफीत, तोंडातून नळी घालून जठराच्या आतून बघतात ती. सुईने नमुने घेतले, दोन्हीकडे तेच निघालं. सर्जननी कागदावर चित्र काढून सांगितलं, की मधला भाग चांगला असेल तर तो राखून दोन्ही टोकं काढता येतात. ह्यांची मधली नलिकाही फुगलेली होती. त्यामुळे सगळंच गेलं, सोबत प्लीहा, पित्ताशय आणि लहान आतड्याची सुरुवात. प्लीहा जाणार म्हणून लसी ऑपरेशनआधीच टोचल्या होत्या.

त्यानंतर इन्शुलिन लागणार हे सगळेच सांगतात. जेवण पचवणारे रसही बंद होतात, हे घरी आल्यावर खरं कळतं. चमचाभर तूप पडलं तरी संडास तेलकट, तरंगणारी, पाणी ओतून ओतून जात नाही. खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि वर इन्शुलिन टोचलेलं, की साखर धाडकन खाली. साखर वर आणणारं ग्लुकागॉनही स्वादुपिंडातच तयार होतं, त्यामुळे ती आपोआप सावरत नाही.

क्रेऑनने हे आटोक्यात आलं. नावातला आकडा लायपेजच्या, म्हणजे चरबी पचवणाऱ्या रसाच्या, युनिटचा आहे. किती घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतात, पण कधी घ्यायच्या यावर सगळं अवलंबून. पहिल्या घासाबरोबर एक, दुसरी जेवणाच्या मध्यावर. जेवून उठल्यावर घेतली तर फुकट. दुधाच्या चहालाही लागते, पेरूच्या फोडीला आम्ही देत नाही. चावायची नाही, तोंड सोलवटतं. गिळवत नसेल तर उघडून आतले दाणे गार दह्यावर घालून लगेच गिळायचे. गरम वरणात अजिबात नाही. आणि गोळ्या लागू पडल्या की अन्न अंगी लागतं, साखर चढते, इन्शुलिनचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. हे आधी विचारून ठेवा.

आता अवघड गोष्ट. हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतं, वरचं आवरणही जिलेटिनचं. हे माळकरी. मी सांगावं की नाही या विचारात असताना ह्यांनीच माहितीपत्रक वाचलं आणि म्हणाले, "औषध आहे, नैवेद्य नाही." सासूबाई अजून त्या बाटलीला हात लावत नाहीत.

दुसरी अडचण अकोल्याच्या उन्हाची. पंचवीस अंशांच्या वर तापमान ह्या औषधाला चालत नाही, आणि आमच्याकडे मे महिन्यात घरातली भिंतसुद्धा तापते. एका दुकानदाराने उन्हात ठेवलेल्या खोक्यातून काढून दिली, मी घेतली नाही. लग्नाला जाताना थंड पिशवीत इन्शुलिनशेजारीच ठेवते.

खर्च जन्मभराचा आहे, तो धरूनच पाचपैकी साडेचार. परवा ह्यांनी अर्धी पुरणपोळी खाल्ली, तुपासकट.